बाबांनी ग्लास धुतले

२८ ऑगस्ट

ताई,

कामापुरतं लिहिते आहे, उगाच अर्थ काढत बसू नकोस. तुझी लाकडी खोकी माझ्याकडे पडून आहेत. मधवाली दर रविवारी तुझ्या वाईनच्या भरलेल्या बाटल्या बाजारात आणते आणि रिकामी खोकी माझ्या टेबलाखाली सरकवते. परतताना तिच्या गाडीत जागा नसते म्हणे. इतक्या बरण्या विकून गाडी भरलेलीच कशी राहते, ते तिचं तिलाच माहीत. मला मात्र टेबलाखाली पाय ठेवायला जागा उरलेली नाही. चाखायला आलेली माणसं वाकून खोक्यांवरची तुझी शिडीची खूण बघतात आणि विचारतात, "ही पण तुमचीच का?" मी नाही म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "नात्यातली?" मग मी घसा खाकरते आणि पुढच्या माणसाला ओतायला घेते. तेव्हा खोकी घेऊन जायची व्यवस्था कर.

महिनाभराच्या सुट्टीनंतर बाजार परवा उघडला. छपराच्या लोखंडी खांबांना हिरवा रंग दिलाय, कुठे टेकलं की पाठीला लागतो. वाईनवाल्यांची रांग यंदा आतल्या बाजूला, चीजवाल्याच्या पलीकडे आहे. चीजचा वास नाकात बसला की आमच्या ग्लासातलं कुणाला काही कळत नाही. मी तक्रार केली तर शिट्टीमास्तर म्हणाले, "मग मासळीशेजारी जाता का?" मी मुकाट्यानं टेबल लावलं. हे गृहस्थ बाजाराचे व्यवस्थापक आहेत, तुझ्यानंतर आले. शिट्टी वाजवूनच बाजार उघडतात, शिट्टी वाजवूनच बंद करतात, आणि मला वाटतं घरी बायकोलाही शिट्टीनंच हाक मारत असतील.

बाबा बरे आहेत. गुडघा दुखतो, पण काठी धरायची म्हटलं की जिवावर येतं. रविवारी त्यांनी आमच्या रांगेतल्या सगळ्यांचे ग्लास धुतले. बाह्या दुमडून, नळाखाली, एकेक उजेडात धरून बघत. का धुतले ते विचारू नकोस.

खोक्यांचं बघ.

धाकटी


४ सप्टेंबर

ताई,

मधवालीनं सांगितलं, तू माझं पत्र उभ्या उभ्याच वाचलंस, घडी करून खिशात टाकलंस आणि "का धुतले?" एवढंच विचारलंस. खोक्यांबद्दल अवाक्षर नाही. विचारू नकोस म्हटलं की नेमकं तेच विचारायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड.

सांगते. तू गेल्यावर बाजारात एक खेळ सुरू झालाय. सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी, दारं उघडायच्या आधी, आम्ही सगळे छोटे वाईनवाले आपापली एकेक बाटली आणतो. शिट्टीमास्तर त्या बाटल्यांना मोजे चढवतात, अगदी पायात घालायचे लोकरीचे मोजे, गळ्यापर्यंत. मग त्या एका लांब फळीवर मांडायच्या आणि प्रत्येकानं चाखत चाखत आपली स्वतःची ओळखायची. जो चुकेल त्यानं दिवसभर सगळ्यांचे ग्लास धुवायचे. हसण्यावारी न्यायचा खेळ आहे. गेल्या वर्षी त्या जुळ्या भावांनी एकमेकांची ओळखली आणि ग्लास कोणी धुवायचे यावर दुपारपर्यंत भांडत बसले.

बाबा आजवर कधी चुकले नव्हते. खरं तर ते चाखायचेसुद्धा नाहीत, नुसता वास घेऊन पुढं जायचे आणि आपल्या बाटलीपाशी आले की बोटानं फळी ठोकायचे. यंदा त्यांनी प्रत्येक ग्लास तोंडाला लावला. घोट घ्यायचा, गालात फिरवायचा, बादलीत थुंकायचा. मी मागं उभी होते. मला आपली बाटली माहीत होती, कारण तिच्याबरोबर दिलेला मोजा माझाच होता, टाचेला भोक पडलेला. डोळ्यांनी खुणावलं असतं तर त्यांनी मला तिथंच सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं. मी छपराकडे बघत राहिले.

सहाव्या ग्लासाशी ते थांबले. थुंकले नाहीत, गिळला. मग आणखी एक घोट घेतला.

"हीच," म्हणाले.

शिट्टीमास्तर म्हणाले, "काका, अजून पाच आहेत. बघा की चाखून."

"आपलं पोर ओळखायला अख्खी शाळा बघावी लागते का?" बाबा म्हणाले. सगळे हसले. बाबाही हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं दात दाखवून हसताना पाहिलं.

मास्तरांनी मोजा ओढला आणि आत शिडी निघाली.

तुझी बाटली मधवालीनं ठेवली होती. तिला वाटलं, तुझ्या वतीनं कुणीतरी खेळावं. तिला बोल लावू नकोस, ती बिचारी तेव्हापासून मान वर करून माझ्याकडे बघतसुद्धा नाही. सगळी रांग बाबांकडे बघायला लागली. तुमचं दोघांचं प्रकरण सगळ्यांनाच माहीत आहे. बाबांनी बाटली डोळ्यांजवळ धरली, खूण पाहिली, वर उचलून तळ पाहिला, परत ठेवली. मग बाह्या दुमडायला लागले. मी म्हटलं, "बाबा, मी धुते." तर म्हणाले, "तू चुकलीस का?"

ताई, तुझी वाईन त्यांनी आपली म्हणून ओळखली. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. आणखी काही नाही.

धाकटी


११ सप्टेंबर

ताई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. गाळणं आपल्या धंद्यातच आहे म्हण. पण ती पोटात ठेवून मला आठवडाभर नीट झोप नाही, म्हणून लिहून टाकते.

आपली बाटली तिसरी होती. बाबांनी ती चाखली, बादलीत थुंकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही कुणा नवख्याची दिसते."

नवख्याची! तू गेल्यापासून ती मीच करते आहे. पहिली दोन वर्षं ते शेजारी उभं राहून सांगायचे. मग गुडघा गेला, तळघराच्या पायऱ्या बंद झाल्या, आणि ते वरच्या दारातून ओरडून सांगायला लागले. आता ओरडतही नाहीत. पण लेबलवर नाव त्यांचंच आहे, आणि बाजारात सगळे "काकांची वाईन" म्हणूनच मागतात. मीही तसंच म्हणते. मला कधी त्यात वावगं वाटलं नाही. एवढी वर्षं त्यांच्या सांगण्याबाहेर एक पाऊल टाकलं नाही असं मला वाटत होतं. देठ काढायचे म्हणाले, काढले. एकही काडी टाकीत जाऊ दिली नाही. आणि शेवटी मी नवखी, आणि जी दार आपटून नदीपलीकडे गेली ती घरची!

रविवारी रात्री मी रागानं तुझी बाटली फोडणार होते. म्हणजे उघडणार होते. शेवटी उघडली आणि प्यायले. ताई, ते वाळलेल्या चहाच्या पत्तीसारखं काय आहे त्यात? आणि जिभेच्या कडांना लागतं ते मिरपुडीसारखं? तू अजून देठासकट घड टाकतेस ना? बाबा त्याला काड्याकचरा म्हणायचे. तुझं पहिलंवहिलं पिंप तू तसंच केलं होतंस, तळघराच्या कोपऱ्यात, त्यांच्याशी भांडून.

आणि मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. ते पिंप. त्या साली बाबांची टाकी पातळ निघाली होती, आणि तू तोडणीवाल्यांना निरोप द्यायला गावात गेली होतीस, तेवढ्यात त्यांनी तुझं पिंप आपल्या टाकीत ओतलं. तुला न विचारता. आलीस तेव्हा पिंप आडवं पडलं होतं आणि बाबा पाइप धूत होते. म्हणाले, "घरचंच तर आहे." तू काही बोलली नाहीस, दोन दिवसांत गेलीस. आणि त्याच सालच्या वाईनचं एवढं कौतुक झालं, की आजही कुणी विचारलं तर बाबा "ते साल" एवढंच म्हणतात. कुठलं ते सांगावं लागत नाही.

म्हणजे त्यांच्या जिभेवर जी 'आपली' म्हणून बसली आहे ती तुझी आहे. त्यांना हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायची माझी छाती नाही.

आता खरं काम. त्यांची जीभ जाते आहे, ताई. भाजीत दोनदा मीठ घालतात. दूध नासलेलं कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, हळूहळू सगळंच फिकं लागेल. ज्या दिवशी त्यांनी तुझी वाईन ओळखली, तसा दिवस आणखी किती वेळा येईल सांगता येत नाही. तोडणी तोंडावर आली आहे. तू ये. भांडायला ये, पण ये. अजून त्यांना तुझं काहीतरी ओळखता येतंय तोवर ये.

आई असती तर तिनं तुम्हा दोघांचे कान धरून एका टेबलाशी बसवलं असतं. माझा हात तुमच्या दोघांच्या कानापर्यंत पोचत नाही.

धाकटी


१८ सप्टेंबर

ताई,

मधवाली म्हणाली, तू "बघते" म्हणालीस. "बघते" म्हणजे नाही, हे आपल्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. आपण शाळेची सहल मागायचो तेव्हा बाबा "बघतो" म्हणायचे. आपण कुठल्या सहलीला गेलो होतो का?

तरी आज जे झालं ते सांगते, मग तुझं तू ठरव.

सकाळी बाबा हट्टानं मळ्यात आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून पहिल्या ओळीच्या टोकापर्यंत चालले. तुला आठवतं ना, तोडणीचा दिवस ते कसा ठरवायचे? यंत्र असायचं खिशात, गोडी मोजायचं, पण ते फक्त पाहुण्यांना दाखवायला. स्वतः एक द्राक्ष तोंडात टाकायचे, साल वेगळी चावायचे, बिया वेगळ्या चावायचे, बी कुरकुरीत लागलं की म्हणायचे, परवा. मळ्यावर सगळं थांबलेलं असायचं त्या एका शब्दासाठी. आपण दोघी श्वास धरून उभ्या असायचो आणि तू माझ्या हाताला चिमटा काढायचीस.

आज त्यांनी द्राक्ष तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं. आणखी एक टाकलं. मग दुसऱ्या ओळीतलं. मी विचारलं, "काय म्हणतं?" ते चावतच राहिले. चेहऱ्यावर असं काही होतं, की मी दुसरीकडे पाहायला लागले. तोंडातल्या बिया त्यांनी हातावर काढल्या आणि बघत राहिले, जणू डोळ्यांना तरी काही कळेल.

मग म्हणाले, "थोरलीला विचार."

ताई, तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. तुझा विषय निघाला तर "ती" म्हणायचे, आणि तेही क्वचित. मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी तिथं त्यांच्या शेजारी उभी होते ना! मला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. तरी मी काय म्हटलं माहीत आहे? "ती येतेच आहे," म्हटलं. बिनदिक्कत खोटं बोलले. ते मान डोलावून घराकडे वळले, आणि जेवताना नेहमीपेक्षा एक पोळी जास्त खाल्ली.

तेव्हा आता माझं खोटं खरं करणं तुझ्या हातात आहे. शनिवारपर्यंत ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. खिडकी अजून घट्ट बसते, खालून धक्का द्यावा लागतो.

धाकटी


२ ऑक्टोबर

ताई,

तू आली नाहीस.

तोडणी झाली. शनिवारी सकाळपासून बाबा मळ्याच्या फाटकाशी बादली पालथी घालून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. तोडणीवाले हातात कात्र्या घेऊन उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी थांबवलं त्यांना. शनिवार गेला. रविवारी मी बाजारात गेले नाही, टेबल रिकामं राहिलं. सोमवारी पहाटे मी स्वतः ओळीत गेले आणि द्राक्ष चावलं. साल चावली, बी चावलं. बाबा अजून चार दिवस थांबले असते, तू बहुधा आणखी दोन. मला ते तसंच आवडलं, जरासं आंबट, ताजं, दातांना झिणझिण आणणारं. मी म्हटलं, आज. कुणाला विचारलं नाही. कात्र्या चालायला लागल्या.

बाबांनी फाटकातून पाहिलं. दुपारी विचारलं, "थोरली म्हणाली का आज?" मी म्हटलं, "नाही. मी म्हटलं." ते हूं म्हणाले.

तुझ्यावर मी चिडले आहे आणि ते तुला कळावं म्हणून सरळ लिहिते. पण नुसती चिडले असते तर बरं झालं असतं. मला तुझी आठवण येते, ताई. तोडणीच्या दिवसांत तर फारच येते. काल टाकी धुवायची होती. तुला माहीत आहे, आत उतरणाऱ्याशी बाहेरच्यानं सारखं बोलत राहायचं असतं, कारण आतल्या वायूनं माणूस गप्प झाला की संपलंच. आपण दोघी असताना मला आत उतरायला आवडायचं. मी बारकी म्हणून मीच उतरायची, आणि तू झाकणाशी बसून अखंड बोलायचीस. शाळेतल्या बाईंच्या नकला, शेजाऱ्यांच्या कागाळ्या, तुला कोण आवडतो ते. सगळं मला त्या टाकीतच कळलं. तू इतकी बोलायचीस की मी मुद्दाम हळूहळू घासायची.

आता झाकणाशी बाबा बसतात. ते बोलत नाहीत. मध्येमध्ये फक्त "आहेस ना?" म्हणतात. मी आतून "आहे" म्हणते. काल ते तीनदा लागोपाठ म्हणाले, कारण मी उत्तर द्यायला विसरले. मी आत बसून रडत होते. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज इतका घाबरला की मी धडपडत बाहेर आले. म्हणाले, "बोलत जा." मी म्हटलं, "बाहेरच्यानं बोलायचं असतं, बाबा." ते म्हणाले, "मला ते येत नाही."

नवा रस टाकीत आहे, देठ नाहीत, आणि पिंपात घालणार नाही. मला तो असाच ठेवायचा आहे, हलका. बाबा त्याला पाणी म्हणतील, म्हणोत.

मी परत लिहिणार नाही असं ठरवलं आहे. खोकी मधवालीच्या घरी टाकून आले.

धाकटी


१६ ऑक्टोबर

ताई,

लिहिणार नव्हते. पण तू जे केलंस त्यानंतर न लिहिता राहणं माझ्या हाती नाही.

परवा बाजारात मी शिट्टीमास्तरांच्या खोलीत हिवाळ्यातल्या जागेसाठी रांगेत उभी होते. तिथं लोणचीवाले, पाववाले, सगळ्यांना खांबापाशीच जागा हवी होती, नुसता गोंधळ. टेबलाशी बाबा एकटे होते. चीजवाल्याला म्हटलं होतं, जरा लक्ष ठेवा. बाबांनी गेल्या वर्षीची बाटली उघडली होती, तीच, नवख्याची. चाखायला येतील त्यांना दोन बोटं ओतायची, एवढंच काम.

परत आले तर चीजवाला हात पुसत माझ्याकडे आला. म्हणाला, "अहो, तुमच्याकडे कोण बाई आल्या होत्या? नाक अगदी तुमचं."

मी म्हटलं, "काय झालं ते सगळं सांगा."

त्यानं सांगितलं ते असं. तू डोक्याला रुमाल बांधून आलीस. आधी दोनदा समोरून गेलीस. मग एका जोडप्याच्या मागं रांगेत उभी राहिलीस, गिऱ्हाइकासारखी. तुझी पाळी आली तशी बाबांनी ग्लास पुढे केला आणि तुला ओतलं. "नमस्कार" नाही, काही नाही. तू वास घेतलास, प्यायलीस, बादलीकडे पाहिलंही नाहीस. मग विचारलंस, "ही कोणी केली?"

बाबा म्हणाले, "धाकटीनं."

आणि त्यानंतर, ताई, त्या चीजवाल्याच्या दुकानात कुणीतरी पाव किलोचे पातळ काप मागितले आणि त्यानं ते मेलं यंत्र सुरू केलं! त्या घरघरीत त्याला पुढचं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी त्याला अक्षरशः गदागदा हलवलं. "आठवा, काहीतरी ऐकलं असेल!" तो म्हणाला, "नाही हो. पण काका बोलत होते. बराच वेळ." बाबा, ताई! आपले बाबा, ज्यांना टाकीच्या झाकणाशी बसून दोन वाक्यं येत नाहीत, ते बराच वेळ बोलत होते. बोटानं टेबलावर ठोकत होते म्हणे. एकदा बाटली उचलून तुला उजेडात धरून दाखवली. तू ग्लास हातात धरून ऐकत होतीस. मग उरलेली सगळी प्यायलीस आणि परत ग्लास पुढे केलास. त्यांनी परत ओतली. मागं रांग लांबली होती, लोक कुरकुरत होते, तर बाबांनी त्यांना हातानं थांबवलं. मग तू काहीतरी म्हणालीस, बाबांनी मान हलवली, आणि तू मागच्या दारानं गेलीस.

मी धावले. मासळीच्या ओट्यांवरून घसरत, बर्फाच्या पेट्यांना धडकत मागच्या दाराशी गेले. गाड्या उभ्या करतात त्या मोकळ्या जागेत एक माणूस पेट्या चढवत होता. मी तुला मोठ्यानं हाक मारली. त्यानं विचारलं, "कोण हवंय?"

घरी येताना मी गाडी चालवत होते, बाबा शेजारी. मी विचारलं, "कोण आलं होतं?"

"गिऱ्हाईक."

पुलावर आलो तेव्हा ते आपणहून म्हणाले, "थोरली वाळली आहे. नीट जेवत नसणार."

"म्हणजे ओळखलंत तुम्ही! मग बोलला का नाहीत?"

"बोललो की."

"ओळख दिलीत का म्हणते मी."

"तिनं दिली नाही. मग मी कशाला देऊ?"

मला हसावं की स्टिअरिंगवर डोकं आपटावं कळेना. दोघंही एका साच्यातले. मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना सरळ विचारलं, "बाबा, माझ्याबद्दल काय सांगत होतात तिला?"

ते काचेतून बाहेर बघत राहिले. म्हणाले, "जे सांगायचं ते तिला सांगितलं. आता रस्त्याकडे बघ."

रात्री जेवताना परत विचारलं. सकाळी विचारलं. तुला माहीत आहे, एकदा बोललेलं ते दुसऱ्यांदा बोलत नाहीत. आणि मला तर पहिल्यांदाही बोललेले नाहीत. एवढी वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी आहे. त्यांनी माझ्या वाईनला चांगलं म्हटलं की वाईट, माझ्यावर ते चिडलेत की खूश आहेत, मी नवखी आहे की कुणी आहे, हे मला आजतागायत माहीत नाही. आणि तुला माहीत आहे. ते सगळं तू रुमालात बांधून नदीपलीकडे घेऊन गेलीस.

मी तुला आता तोडणीसाठी बोलावत नाही, तोडणी झाली. बाबांसाठीही बोलावत नाही, तुमचं जे व्हायचं ते बहुधा माझ्या टेबलाशी झालं. मी माझ्यासाठी बोलावते आहे. ते माझ्याबद्दल काय म्हणाले, कुठल्या शब्दात म्हणाले, म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता, ते मला ऐकायचं आहे, आणि ते सांगू शकेल असं या जगात तुझ्याशिवाय कुणी नाही.

पत्रात लिहू नकोस. मधवालीकडे निरोप देऊ नकोस. ये आणि माझ्यासमोर बसून सांग.

धाकटी